हे वाक्य नक्की कुणाचं? वचनाचं मूळ शोधण्याची क्रमवार पद्धत

सुविचाराखाली आइन्स्टाइनचं नाव दिसतं. शंका येते. मग आपण ते वाक्य आणि आइन्स्टाइनचं नाव एकत्र सर्चमध्ये टाकतो, ढीगभर पानं तेच सांगतात आणि शंका फिटते. पडताळणी म्हणून सर्रास केलं जातं ते एवढंच, आणि ते उलट्या टोकाकडून केलेलं आहे. नावासकट शोधलं की ज्यांनी ते नाव आधीच चिकटवलंय तेवढीच पानं समोर येतात. ती एकमेकांवरून उतरवलेली असतात, त्यामुळे शंभर पानांची साक्ष शेवटी एकाच साक्षीदाराची भरते, आणि तोही बहुधा ऐकीव.

खरा क्रम असा: आधी शब्द, मग तारीख, मग छापील पान आणि नाव सगळ्यांत शेवटी.

## तयारी: शोधायला बसण्याआधी

प्रश्न नक्की करा. ‘हे कुणाचं?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात. पहिल्यांदा कोण म्हणालं? या माणसाने ते कधी तरी म्हटलं का? आणि लोकांपर्यंत ते कुणामुळे पोचलं? ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे उदाहरण घ्या. डॉ. आंबेडकरांनी १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत इंग्रजीतून ही त्रिसूत्री सांगितली, आणि तिथे संघटन तिसऱ्या क्रमांकावर होतं. हीच तीन शब्दांची घोषणा इंग्लंडमधले समाजवादी १८८० च्या दशकात वापरत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. अशा वचनांवरून होणारे बरेचसे वाद हे एकाने पहिल्या प्रश्नाचं आणि दुसऱ्याने तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिल्यामुळे पेटलेले असतात.

मग एक साधा तक्ता करा. रकाने पाच: छापल्याची तारीख, कुठे छापलं, शब्द जसेच्या तसे, कुणाच्या नावावर, आणि ‘पान मी स्वतः पाहिलं का’. शेवटचा रकाना सगळ्यांना नकोसा वाटतो. नेमका तोच वगळू नका.

ज्याच्या नावावर वचन फिरतंय त्याचा जन्म, मृत्यू, तो लिहीत-बोलत असे त्या भाषा आणि कोणत्या वर्षी कुठे होता, एवढं तक्त्याच्या वर लिहून ठेवा. पुढे सहाव्या पायरीला याचाच उपयोग होणार आहे.

तपासणी: तुमच्याकडे वचनाची निदान तीन-चार वेगळी रूपं जमली आहेत का? एकच रूप हातात घेऊन निघालात तर पहिल्याच पायरीला अडाल.

## पायरी १: नाव काढा, वाक्याचे तुकडे करा

पूर्ण वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधणं ही नावासकट शोधण्याच्या खालोखालची चूक. वचनं तोंडातोंडी गुळगुळीत होतात, आणि मूळ रूप बहुधा जास्त खडबडीत आणि लांब असतं.

‘आधी ते तुमच्याकडे दुर्लक्ष करतात, मग हसतात, मग लढतात, मग तुम्ही जिंकता’ हे गांधीजींच्या नावावर खपतं. गांधीजींच्या लेखनात ते मिळत नाही. याच साच्याचं वाक्य १९१८ मध्ये बाल्टिमोरला तयार कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेच्या अधिवेशनात निकोलस क्लाइन यांनी उच्चारलं होतं. त्यात दुर्लक्ष आहे, थट्टा आहे, हल्ला आहे, जाळून टाकू पाहणं आहे आणि शेवटी ‘मग ते तुमची स्मारकं उभारतात’ असं आहे. ‘जिंकता’ हा शब्दच नाही. आजचं वाक्य अख्खं शोधणाऱ्याच्या हाती क्लाइन कधीच लागणार नाहीत.

म्हणून तीन ते पाच शब्दांचे तुकडे पाडा. ज्यांची जोडी सहसा जुळत नाही असे शब्द निवडा. ‘जीवन’, ‘यश’, ‘सत्य’ यांच्यावर वेळ घालवू नका. प्रत्येक तुकडा वेगळा शोधा. मग एक शब्द काढून त्याजागी समानार्थी शब्द घाला. वाक्याची सुरुवात आणि शेवट वेगवेगळ्या फेऱ्यांत शोधा, कारण बदल बहुधा शेवटाला होतो.

## पायरी २: मूळ भाषेत उतरा

मराठीत आलेलं परदेशी वचन मराठीतून शोधून काहीच हाती लागत नाही. पण इंग्रजीपर्यंत जाऊन थांबणं हीसुद्धा अर्धीच वाट झाली. ज्याचं नाव आहे तो कोणत्या भाषेत लिहीत होता?

‘तुमचं मत मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राण पणाला लावीन’ हे व्हॉल्टेअरचं मानलं जातं. तो फ्रेंचमध्ये लिहीत होता, तेव्हा फ्रेंच वाक्य हवं. त्याच्या हयातीतल्या फ्रेंच मजकुरात ते नाही, आणि वाक्य अवतरतं ते थेट इंग्रजीत, १९०६ मध्ये. मृत्यू १७७८ चा. एवढ्यावरच वचन संशयित ठरतं.

मूळ मजकूर इंग्रजी नसेल तर उलट अडचणही येते. एका गुजराती वाक्याची इंग्रजी भाषांतरं दहा प्रकारे होऊ शकतात. ‘जगात जो बदल पाहायचाय तो स्वतःच बना’ हे शब्द गांधीजींच्या समग्र वाङ्मयात नाहीत. मात्र १९१३ च्या एका गुजराती लेखात, आपण स्वतःला बदललं तर जगाच्या प्रवृत्तीही बदलतील, अशा अर्थाचं वाक्य आहे. आजच्या घोषवाक्याच्या जवळचे शब्द १९७४ मध्ये आर्लीन लॉरन्स या अमेरिकन शिक्षिकेच्या लेखनात छापलेले सापडतात. म्हणजे कल्पना जवळची, शब्द दुसऱ्याचे. तक्त्यात या दोन वेगळ्या नोंदी करा, एकत्र कालवू नका.

## पायरी ३: आधी कुणी खणलंय का बघा

यात फार वेळ घालवू नका. विकिकोट या वचनांच्या मुक्त ऑनलाइन संग्रहावर त्या व्यक्तीच्या पानाच्या तळाशी ‘वादग्रस्त’ आणि ‘चुकीने नावावर’ असे विभाग असतात, ते आधी वाचा. ‘कोट इन्व्हेस्टिगेटर’ या संकेतस्थळावर शेकडो वचनांची तारीखवार छाननी आहे. तिथला निष्कर्ष उचलू नका, तिथले दाखले उचला आणि पुढच्या पायऱ्यांना लावा.

इशारा: ज्या संग्रहात वचनाखाली फक्त नाव आहे, ग्रंथ-वर्ष-पान नाही, तो पुरावा म्हणून शून्य, मग तो छापील असो की ऑनलाइन. एआय चॅटबॉटने दिलेला पृष्ठक्रमांकही स्वतः पान उघडेपर्यंत शून्यच धरा. नसलेल्या ग्रंथाचं नसलेलं पान तो बिनचूक दिसेल अशा थाटात सांगू शकतो.

## पायरी ४: काळात मागे सरका

मुख्य काम इथे आहे. गूगल बुक्समध्ये तुकडा अवतरणचिन्हांत घाला आणि तारखेची मर्यादा लावा. पहिली फेरी: त्या व्यक्तीच्या मृत्यूच्या वर्षापर्यंत. काही मिळालं नाही तर मृत्यूनंतरची वीस वर्षं, मग आणखी वीस. काही मिळालं तर त्या तारखेच्या आधीचं वर्ष ही नवी मर्यादा, आणि पुन्हा फेरी. असं करत जिथे पुढे काहीच मिळत नाही तिथे पोचायचं. तेच तुकडे इंटरनेट आर्काइव्हच्या मजकूरशोधात आणि हाथीट्रस्ट या ग्रंथालयांच्या स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या संग्रहामध्ये टाका. हाथीट्रस्ट पुष्कळदा पान दाखवत नाही, पण कोणत्या पानावर शब्द आहेत ते सांगतो, आणि ग्रंथालयात जायला तेवढं पुरतं. जुन्या वर्तमानपत्रांसाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा संग्रह आणि ऑस्ट्रेलियाचा ‘ट्रोव्ह’ दोन्ही मोफत आहेत.

असा क्रम लावला की चित्र कसं पालटतं बघा. ‘सत्य पायात बूट चढवतं तोवर असत्य अर्धं जग फिरून येतं’, म्हणे मार्क ट्वेन. ट्वेन १९१० मध्ये वारला. त्याच्या नावासकट हे वाक्य १९१९ मध्ये दिसतं. मर्यादा आणखी मागे ओढा: १८५० च्या दशकात इंग्लंडमधले धर्मोपदेशक स्पर्जन हेच वाक्य वापरतात, आणि तेही ‘जुनी म्हण’ म्हणून. आणखी मागे, १७१० मध्ये, जोनाथन स्विफ्ट लिहितो की असत्य उडत जातं आणि सत्य मागून लंगडत येतं. बूट अजून आलेले नाहीत, पण कल्पना आली आहे. ट्वेन या रांगेत कुठेच उभा नाही.

आइन्स्टाइनच्या नावावरचं ‘तेच तेच करून वेगळ्या निकालाची अपेक्षा ठेवणं म्हणजे वेडेपणा’ हे तर १९८१ च्या सुमाराला व्यसनमुक्ती गटांच्या वर्तुळात दिसू लागतं. आइन्स्टाइन १९५५ मध्ये गेला होता.

या पायरीवर तीन खड्डे आहेत.

पहिला, खोटी तारीख. गूगल बुक्सवर नियतकालिकाच्या सगळ्या खंडांना कधी कधी पहिल्या अंकाचंच वर्ष लावलेलं असतं. १९०५ मध्ये सुरू झालेल्या मासिकाचा १९८७ चा अंक १९०५ चा म्हणून समोर येतो आणि मोठा शोध लागल्यासारखं वाटतं. उपाय सोपा: त्याच खंडाच्या आत ‘१९८५’, ‘१९८६’ अशी वर्षं शोधा. १९०५ चा अंक १९८६ मधली घटना सांगत असेल तर काय समजायचं ते कळलंच.

दुसरा, स्कॅन केलेलं पान यंत्राने चुकीचं वाचणं. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईतला लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ दिसतो. तेव्हा त्या काळात शोधताना ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालूनही एक फेरी मारा.

तिसरा खड्डा देवनागरीचा, आणि मराठी वचनं शोधणाऱ्यांना तो हमखास लागतो. जोडाक्षरं यंत्राला नीट उमगत नाहीत, म्हणून तुकडा निवडताना शक्यतो जोडाक्षर नसलेले शब्द घ्या. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, त्यामुळे त्याआधीच्या छपाईत ‘हे माझे घर’ नव्हे तर ‘हें माझें घर’ आहे. दोन्ही रूपांनी शोधा. आणि ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना एकच दिसतो, सर्चला वेगळा. मजकूर समोर असूनही ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर आलं तर बहुधा याच तिघांपैकी एखादं कारण असतं.

तपासणी: सर्वांत जुनी नोंद सापडल्यावर तिच्यात नाव कुणाचं आहे? नाव नसेल, किंवा ‘म्हणतात ना’ अशी सुरुवात असेल, तर अजून तळ लागलेला नाही.

## पायरी ५: पान डोळ्यांनी बघा

सर्चच्या निकालातली दीड ओळ म्हणजे पान नव्हे. पूर्ण पान, त्याच्या मागचं आणि पुढचं, आणि शीर्षकपृष्ठ, एवढं पाहिल्याशिवाय शेवटच्या रकान्यात ‘हो’ लिहायचं नाही. शब्द खरोखर आहेत हे ठरल्यावरही ते कुणाच्या तोंडी आहेत हे ठरायचं असतं, आणि बरीचशी चुकीची नावं नेमकी इथेच जन्मतात.

व्हॉल्टेअरचं १९०६ मधलं पान उघडा. पुस्तक एव्हलिन बिएट्रिस हॉल या लेखिकेचं, एस. जी. टॅलेंटायर या टोपणनावाने लिहिलेलं. हेल्वेशियस या फ्रेंच तत्त्वज्ञाचं पुस्तक जाळलं गेल्याचा प्रसंग चालू आहे. ते ऐकून व्हॉल्टेअर ‘एवढ्याशा ऑम्लेटवरून केवढा गहजब’ असं उद्गारला, असं ती सांगते. लगेच पुढे, तशाच अवतरणचिन्हांत, ते प्रसिद्ध वाक्य येतं आणि त्याच्यामागे शब्द आहेत: ‘अशी आता त्याची भूमिका होती’. उद्गार नव्हे, भूमिका. व्हॉल्टेअरचं म्हणणं तिने स्वतःच्या शब्दांत मांडलं, अवतरणचिन्हं घातली आणि पुढच्यांनी ती चिन्हं अक्षरशः घेतली. वाक्य आपलंच असल्याचं हॉलने पुढे स्वतः सांगितलं, पण तोवर ते फार लांब गेलं होतं. दीड ओळीच्या निकालात ‘अशी त्याची भूमिका होती’ हे शब्द दिसत नाहीत.

चरित्रकाराचं वाक्य चरित्रनायकाच्या तोंडी जाणं हा नेहमीचा रस्ता आहे. ‘डोळ्याला डोळा या न्यायाने सगळं जग आंधळं होईल’ हे गांधीजींचं म्हणून जे फिरतं, ते त्यांचे चरित्रकार लुई फिशर यांच्या लेखनात फिशर यांचं स्वतःचं स्पष्टीकरण म्हणून येतं.

दुसरा रस्ता संपादकाचा. ‘सात सामाजिक पापं’ गांधीजींनी १९२५ मध्ये, ते स्वतः संपादक असलेल्या ‘यंग इंडिया’ साप्ताहिकात छापली, तीही एका मित्राने पाठवली असं सांगून. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रेडरिक डोनाल्डसन या पाद्रींनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत ती प्रवचनात मांडली होती. छापणारा आणि रचणारा एक नसतो, हे लेखाच्या वरच्या दोन ओळी वाचल्या तरी कळतं.

आणि तिसरा रस्ता पात्राचा, जो मला सगळ्यांत गमतीचा वाटतो. ‘अयं निजः परो वेति... वसुधैव कुटुम्बकम्’ हा श्लोक हितोपदेशात आहे आणि सुरुवातीच्या थोड्या शब्दभेदाने महोपनिषदातही आहे. हितोपदेशात तो म्हणतो कोण? कोल्हा. हरणाला फशी पाडून खायला टपलेला. अनोळख्याला घरात घेऊ नये असं हरणाचा मित्र कावळा बजावतो, तेव्हा हा धूर्त त्याला विश्वबंधुत्व ऐकवतो. ‘हितोपदेशाची शिकवण’ म्हणून हा श्लोक द्यायचा असेल तर निदान वक्ता कोण आहे ते माहीत असावं.

इशारा: नाटक, कादंबरी, संवाद, गोष्ट यातलं वाक्य ‘लेखक म्हणतो’ असं कधीही लिहू नका. पात्राचं नाव द्या.

## पायरी ६: माणूस तेव्हा तिथे होता का?

तयारीत लिहिलेल्या तारखा आता बाहेर काढा. यातून पुष्कळ बनावट वचनं मिनिटभरात पडतात.

मेकॉलेचं ‘भाषण’ सगळ्यांनी वाचलेलं असतं: मी भारतभर फिरलो, एकही भिकारी वा चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची जुनी शिक्षणपद्धती मोडली पाहिजे. खाली लिहिलेलं असतं, ब्रिटिश संसद, २ फेब्रुवारी १८३५. मेकॉले १८३४ मध्ये भारतात आला आणि १८३८ पर्यंत इथेच होता. जहाजाच्या प्रवासाला कित्येक महिने लागत त्या काळात तो फेब्रुवारी १८३५ मध्ये लंडनच्या संसदेत उभा राहू शकत नाही. ही तारीख मात्र हवेतून आलेली नाही. त्याच दिवशी कलकत्त्यात त्याने शिक्षणावरचं आपलं गाजलेलं टिपण लिहिलं. ते उपलब्ध आहे, छोटं आहे, अर्ध्या तासात वाचून होतं. त्यात भिकारी नाहीत, चोर नाहीत, कणा नाही. युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयातली कपाटाची एक फळी भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीची आहे, हे त्यात आहे. मेकॉलेवर टीका करायला अस्सल वाक्य हाताशी असताना बनावट कशाला वापरायचं, हे मला कधी कळलेलं नाही.

खऱ्या दस्तऐवजाची तारीख बनावट मजकुराला चिकटवणं ही जुनी युक्ती आहे. तारीख जुळली म्हणजे मजकूर जुळला असं धरू नका. त्या तारखेचा कागद उघडा.

वय तपासायलाही विसरू नका. ‘भाकरी नसेल तर केक खा’ हे फ्रान्सची राणी मारी अंत्वानेत हिच्या नावावर खपतं. या धर्तीचा प्रसंग फ्रेंच विचारवंत रूसोच्या आत्मकथनात आहे, फक्त तिथे ‘एक थोर राजकन्या’ एवढंच म्हटलंय आणि पदार्थ ब्रिऑश (लोणी-अंडी घातलेला पाव) आहे. हा भाग १७६० च्या दशकात लिहिला गेला. मारी अंत्वानेत १७५५ ची. फ्रान्समध्ये आली १७७० मध्ये.

## पायरी ७: पोथी, ओवी, अभंग असेल तर

इथे ‘पहिल्यांदा कधी छापलं’ हा प्रश्न कामाचा नाही. इथे प्रश्न असतो: कोणत्या संहितेत, कोणत्या पाठात?

‘अहिंसा परमो धर्मः’ महाभारतात एकाहून अधिक ठिकाणी आहे. ‘धर्महिंसा तथैव च’ (धर्मासाठीची हिंसाही तशीच) हे त्याचं जोडशेपूट मात्र तिथे मिळत नाही. अनुशासनपर्वात पुढे अहिंसेलाच परम दम, परम दान, परम तप म्हटलंय. भांडारकर संस्थेची, अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली, आणि तळटीपांत पाठभेद दिलेले आहेत. ‘मूळ श्लोकाचा अर्धाच भाग सांगतात’ असा दावा ऐकला की मुख्य संहिता बघायची, मग तळटीपा बघायच्या, आणि दावा करणाऱ्याकडे पर्व-अध्याय-श्लोक मागायचा.

‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा म्हणजे सही नव्हे. ती कुणालाही शेवटच्या चरणात घालता येते आणि लोकांनी घातलीही आहे. गाथेच्या आवृत्त्यांत अभंगांची संख्याच वेगवेगळी आहे. म्हणून एका गाथेत सापडला नाही तर दुसरी बघा, आणि कोणत्या आवृत्तीत सापडला ते आवृत्तीसकट नोंदवा. ओव्यांचे क्रमांकही आवृत्तीगणिक एखाददोनने सरकतात.

मागचापुढचा भाग वाचायचा नियम इथेही आहेच. ‘हें विश्वचि माझें घर’ ही ओळ ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातली. पुढचा चरण आहे ‘ऐसी मति जयाची स्थिर’. भक्त कसा असतो त्याचं ते वर्णन आहे, ज्ञानदेवांनी स्वतःबद्दल केलेलं विधान नव्हे.

वचनाखाली आणखी एक वचन असण्याची शक्यताही इथे जास्त. ‘उठा, जागे व्हा, ध्येय गाठेपर्यंत थांबू नका’ हे विवेकानंदांचं. त्यांनी ते कठोपनिषदातल्या ‘उत्तिष्ठत जाग्रत प्राप्य वरान्निबोधत’वरून मोकळेपणाने घेतलं. उपनिषद मात्र श्रेष्ठांकडे जाऊन जाणून घ्या असं सांगतं. नोंदीत दोन्ही द्या.

## पायरी ८: निकाल लिहा

‘खरं’ किंवा ‘खोटं’ एवढ्या दोन खणांत मावणारी वचनं थोडी. मी पाच प्रती वापरतो. स्वतःच्या लेखनात पानासकट आहे. हयातीत दुसऱ्या कुणी ऐकून नोंदवलं आहे. मृत्यूनंतर कुणाच्या आठवणीतून आलं आहे. माग लागत नाही. दुसऱ्याचं असल्याचा पुरावा आहे. मधल्या तीन प्रती लोक सर्रास एकत्र करतात आणि तिथे घोळ होतो. हयातीतल्या वार्ताहराची नोंद आणि चाळीस वर्षांनंतरची आठवण यांना एकाच तराजूत घालू नका.

भाषा जपून वापरा. ‘ट्वेन हे कधीच म्हणाला नाही’ हे सिद्ध करता येत नाही. ‘ट्वेनच्या लेखनात मिळत नाही, त्याच्या नावासकट पहिली नोंद १९१९ ची, मृत्यूनंतरची, त्याआधी म्हण म्हणून प्रचलित’ हे सिद्ध करता येतं आणि पुरतं.

वचन आवडलं असेल तर टाकून देण्याची गरज नाही, नाव बदला. ‘शहाण्यासारख्या वागणाऱ्या स्त्रिया क्वचितच इतिहास घडवतात’ हे मेरिलिन मन्रोचं म्हणून पोस्टरवर छापतात. ते लॉरेल थॅचर अल्‌रिक या इतिहासकार बाईंच्या १९७६ मधल्या अभ्यासलेखातलं आहे. त्या लेखात बाई सद्वर्तनी, म्हणूनच इतिहासाने विसरलेल्या स्त्रियांबद्दल लिहीत होत्या, बंडखोरीची हाक देत नव्हत्या.

कुणाची चूक दाखवायची असेल तर पानाचा फोटो, शीर्षकपृष्ठाचा फोटो आणि दोन ओळी, एवढंच पाठवा. नोंदीखाली कुठे कुठे शोधलं आणि कोणत्या तारखेला, हेही लिहा. दरवर्षी नवी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं स्कॅन होऊन भर पडते, तेव्हा ‘सर्वांत जुनी सापडलेली नोंद’ ही त्या तारखेपुरतीच असते, आणि वर्षा-दोन वर्षांनी चौथी पायरी पुन्हा करावी लागते.